अपघात आठवत नाही, म्हणून माणूस खोटा नव्हे!

डोक्याला मार लागलेला रुग्ण बरा होऊन घरी निघाला की नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, आता हा सगळ्यांना ओळखतो, जेवतो-खातो, घरचा पत्ता बिनचूक सांगतो. मग समोरून कोणती गाडी आली, धडक कशी बसली, नेमके तेवढेच याला कसे आठवत नाही?" या प्रश्नामागे दोन शंका असतात. पहिली उघड असते. मेंदूवर कायमचा परिणाम तर झाला नाही ना? दुसरी शंका दाराआड, हळू आवाजात सांगितली जाते. हा काही लपवत तर नाही ना?

ही दुसरी शंका फार त्रास देते. अपघातात सोबतचा माणूस दगावला असेल, पोलिसांचा जबाब व्हायचा असेल किंवा विम्याचा दावा अडकला असेल, तर "मला काहीच आठवत नाही" हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. मी अशा रुग्णांना घरच्यांसमोर रडताना पाहिले आहे. आधीच अंग ठेचलेले आणि त्यात आपलीच माणसे आपल्याकडे संशयाने बघतात! म्हणून डोक्यावरचा मार आणि मनावरचा धक्का यांचा आठवणीवर काय परिणाम होतो, हे या आठवड्यात समजून घेऊ.

कीर्द आणि खतावणी

डोळे म्हणजे कॅमेरा आणि मेंदू म्हणजे फोटोंचा अल्बम, अशी आपली समजूत असते. समोर घडले की फोटो निघाला, नंतर अल्बम उघडून पाहायचा. प्रत्यक्षात मेंदूचे काम जुन्या पेढीवरच्या हिशेबासारखे चालते. पेढीवर दिवसभराची देवघेव आधी रोजकीर्दीत भराभर टिपली जाते. मग दिवाणजी सवडीने बसून एकेक नोंद खतावणीत ज्या त्या खात्यावर चढवतात. खतावणीत गेलेली नोंद वर्षानुवर्षे सापडते. पण खतावणी होण्याआधीच कीर्दीवर पाणी सांडले, तर त्या दिवसाचा हिशेब गेला. आधीच्या वर्षांच्या वह्या मात्र कपाटात कोरड्या राहतात.

आठवण पक्की व्हायला वेळ लागतो, हे जर्मनीतील ग्योटिंगेन येथील म्यूलर आणि पिल्झेकर या दोन संशोधकांनी १९०० साली मांडले. त्यांनी लोकांना निरर्थक अक्षरांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. पहिली यादी संपताच लगेच दुसरी यादी दिली, तर पहिली जास्त विसरली जाई. मधे थोडा निवांतपणा दिला, तर ती अधिक टिके. म्हणजे घोकणे थांबल्यावरही मेंदूत काहीतरी काम चालूच असते. आज आपल्याला माहीत आहे, की हे काम काही मिनिटांत सुरू होते, तासन्‌तास चालते, झोपेतही चालते आणि काही आठवणींच्या बाबतीत तर महिनोन्‌महिने पुरते.

या पेढीवरचा दिवाणजी म्हणजे मेंदूचा 'हिप्पोकॅम्पस' हा भाग. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या खोल घडीत तो एकेक असतो. त्याचे महत्त्व एका अमेरिकन रुग्णामुळे जगाला कळले. हेन्री मोलायसन हा १९२६ साली जन्मलेला माणूस फिट्सने इतका बेजार झाला, की १९५३ साली शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूतील दोन्हीकडचा हा भाग बराचसा काढून टाकण्यात आला. फिट्स खूपच कमी झाल्या, पण त्यानंतर नवीन आठवण म्हणून त्याच्या मेंदूत टिकेना. लहानपणीचे आठवे, बुद्धी शाबूत होती, बोलणे व्यवस्थित होते. परंतु डॉ. ब्रेंडा मिल्नर वर्षानुवर्षे त्याची तपासणी करीत असूनही प्रत्येक भेटीत त्या त्याला नवख्याच वाटत. तो २००८ साली वारला. २००८ सालच्याच 'गजनी' या हिंदी चित्रपटाचा नायक वाचकांना आठवत असेल. त्यातले बाकी सारे सोडून देऊ, पण जुने लक्षात आणि नवे टिकत नाही, एवढा धागा मात्र खरा आहे.

मिल्नरबाईंना आणखी एक गोष्ट दिसली. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचे काम हेन्रीला रोज अधिक चांगले जमू लागले. पण आपण हे काल केले होते, हे त्याला मुळीच ठाऊक नसे. म्हणजे हाताचे कसब आणि घटनेची आठवण यांची खाती वेगळी आहेत. डोक्याला मार लागलेला माणूस कधी कधी स्वतः मोटारसायकल उचलून घरी येतो, स्टँडवर लावतो, चप्पल काढून आत जातो, आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, "मला घरी कोणी आणलं?" याचे कारण हेच.

मार बसतो तेव्हा काय होते?

मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. धावत्या गाडीवरून डोके रस्त्यावर आपटले, की कवटी एकदम थांबते, पण आतला मेंदू हिसका खातो, पिळवटतो. पेशी लगेच मरतातच असे नाही. पण त्यांच्या आतले-बाहेरचे क्षार उलटसुलट होतात आणि ते पुन्हा जागेवर आणण्यात मेंदूची शक्ती खर्ची पडते. ही ओढाताण काही तास, कधी काही दिवस चालते. ती सी. टी. स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून "स्कॅन नॉर्मल आहे, तरी आठवत कसे नाही?" या प्रश्नाला उत्तर आहे, की स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेले दिसते. दिवाणजींना आलेली घेरी दिसत नाही.

१९७० च्या सुमारास यार्नेल आणि लिंच या दोन अमेरिकन संशोधकांनी हा प्रकार प्रत्यक्ष खेळाच्या मैदानावर पाहिला. अमेरिकन फुटबॉल हा अंगावर धावून जाण्याचा खेळ. त्यात डोक्याला मार लागून बाहेर आणलेल्या खेळाडूला त्यांनी तिथल्या तिथे विचारले, "कोणती चाल चालू होती?" खेळाडूने बरोबर सांगितले. तीन ते वीस मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा त्याला सांगता येईना. पहिल्यांदा जे तोंडावर होते, ते पार पुसले गेले होते. कीर्दीत नोंद झाली होती, खतावणीत चढली नाही.

वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अपघातानंतर रस्त्यावर जमलेल्या लोकांना जखमी माणूस "ट्रकने कट मारला" असे सांगतो आणि दोन दिवसांनी रुग्णालयात "मला ठाऊक नाही" म्हणतो. लोकांना वाटते, कोणीतरी याला पढवले. तसे क्वचित असेलही. पण पढवल्यावाचूनही हे घडू शकते, आणि त्याला शरीरशास्त्रीय कारण आहे.

या विस्मृतीच्या दोन बाजू असतात. मार लागण्यापूर्वीचा काही काळ पुसला जातो, आणि मार लागल्यानंतरचा काही काळ लिहिलाच जात नाही. दुसऱ्या काळात रुग्ण डोळे उघडे ठेवून बोलत असतो, पण तोच तो प्रश्न पुनःपुन्हा विचारतो. "मी कुठे आहे? गाडी कुठे आहे?" उत्तर दिले की मान डोलावतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. नातेवाईक वैतागतात. पण उत्तर टिपून ठेवणाराच जागेवर नाही, त्याला रुग्ण काय करणार!

ब्रिटनचे मज्जाविकारतज्ज्ञ रिची रसेल यांनी १९३२ पासून अशा रुग्णांचा अभ्यास केला. मार लागल्यानंतरची रिकामी जागा किती लांब आहे, त्यावरून इजा किती मोठी याचा चांगला अंदाज येतो, हे त्यांनी दाखवून दिले. ही जागा काही मिनिटांची वा तासाभराची असेल, तर माणूस बहुधा लवकर पूर्ववत होतो. ती दिवसांवर गेली, तर सुधारणेला महिने लागू शकतात. आजही आम्ही रुग्णाला विचारतो, "शुद्धीवर आल्यानंतरची तुमची पहिली सलग आठवण कोणती?" १९४६ साली रसेल आणि नेथन यांनी हजाराहून अधिक रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात अपघातापूर्वीचा पुसला गेलेला काळ बहुसंख्य रुग्णांत अर्ध्या तासापेक्षा कमी होता. म्हणजे नातेवाइकांच्या पहिल्या शंकेचे उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारेच असते.

दोन वर्षे हरवली आणि परत आली

रसेल यांनी नोंदवलेली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. गोल्फच्या मैदानाची निगा राखणारा २२ वर्षांचा एक तरुण १९३३ सालच्या ऑगस्टमध्ये मोटारसायकलवरून फेकला गेला. आठवड्याभराने तो नीट बोलू लागला. पण तारीख विचारली तर फेब्रुवारी १९२२ सांगे आणि आपण शाळकरी मुलगा आहोत म्हणे! मधली पाच वर्षे त्याने ऑस्ट्रेलियात काढली होती, नंतरची दोन वर्षे मायदेशी मैदानावर नोकरी केली होती. यातले काहीच त्याच्या गावी नव्हते. अपघातानंतर दोन आठवड्यांनी ऑस्ट्रेलिया आठवले. तिसऱ्या आठवड्यात तो नोकरीच्या गावी परतला, तेव्हा दोन वर्षे राहिलेले ते गाव त्याला परके वाटले. फिरायला गेला तर वाट चुकला. सुमारे दहा आठवड्यांनी ती दोन वर्षेही हळूहळू परत आली. अखेर अपघातापूर्वीची शेवटची काही मिनिटे तेवढी उरली.

या हकीकतीत सर्व नियम एकत्र आले आहेत. जुने आधी परत येते, अलीकडचे नंतर. पूर येऊन गेल्यावर उंचावरची घरे आधी उघडी पडतात, तसे. आणि अगदी काठावरची शेवटची मिनिटे बहुधा कधीच परत येत नाहीत. ती कुठे दडून बसलेली नसतात, तर पक्की लिहिलीच गेलेली नसतात. म्हणून कोणी कितीही खोदून विचारले, औषधे दिली, अंगारा लावला किंवा देवऋषाकडे नेले, तरी जे खात्यावर चढलेच नाही ते निघणार कसे?

सिनेमातला दुसरा घाव

आपल्या चित्रपटांनी या बाबतीत बराच गोंधळ घातला आहे. डोक्याला मार लागतो, नायक आईला, बायकोला, स्वतःच्या नावालाही विसरतो, आणि शेवटच्या रिळात पुन्हा डोक्यावर घाव बसून त्याला सारे लख्ख आठवते. १९८३ च्या 'सदमा' चित्रपटाने आपल्याला रडवले. पण त्यातल्या नायिकेसारखे अपघातानंतर थेट बालपणात जाऊन तसेच राहणे प्रत्यक्षात दिसत नाही. खऱ्या रुग्णात चित्र उलट असते. स्वतःचे नाव, आईचा चेहरा, शाळेचे दिवस सर्वांत सुरक्षित. कालचे आणि आजचे सर्वांत नाजूक. रसेल यांचा माळीदेखील आपले नाव विसरला नव्हता. आपली पूर्ण ओळख विसरणारे रुग्ण क्वचित आढळतात, पण त्यांच्यात बहुधा मनावरचा असह्य ताण हे कारण असते आणि उपचार मानसोपचारतज्ज्ञांकडे असतो.

दुसऱ्या घावाने आठवण परत येत नाही, हे निक्षून सांगायला हवे. मेंदू पहिल्या माराची झीज भरून काढत असताना दुसरा मार बसला, तर तो अधिक धोक्याचा ठरतो. कबड्डी, कुस्ती, क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना डोक्याला मार लागल्यावर "काही होत नाही, खेळ" म्हणून त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, ते याचसाठी.

अंगाला ओरखडा नाही, तरीही...

आता मनावरच्या धक्क्याकडे वळू. इथे गंमत अशी, की ताणामुळे आठवण पुसतेही आणि कोरलीही जाते. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन उसळते, छाती धडधडते, हाताला घाम सुटतो. त्याच वेळी मेंदूतील 'अमिग्डाला' हा बदामाएवढा भाग दिवाणजींना हुकूम सोडतो, की ही नोंद लाल शाईने करा! १९९४ साली काहिल आणि मॅगॉ या अमेरिकन संशोधकांनी काही लोकांना एका मुलाच्या भीषण अपघाताची गोष्ट चित्रांसह सांगितली. त्यांतल्या काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल ही अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम रोखणारी गोळी दिली होती. आठवड्याने विचारले, तेव्हा गोळी न घेतलेल्यांना गोष्टीचा भयानक भाग ठळक आठवत होता. गोळी घेतलेल्यांना तो इतर भागाइतकाच साधा आठवला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा प्रसंगातून वाचलेल्यांना एखादा आवाज, धुळीचा एखादा वास वर्षानुवर्षे छळतो. पण त्याच माणसाला आधी काय झाले, नंतर काय, कोणी बाहेर ओढले, किती वेळ गेला, असे विचारले तर सांगता येत नाही. लाल शाई पानाच्या एका कोपऱ्यात ओतली जाते आणि उरलेले पान कोरे राहते. जीव धोक्यात असताना लक्ष एकाच गोष्टीला चिकटते. चाकू दिसतो, चाकू धरणाऱ्याचा चेहरा दिसत नाही.

याचा पुरावा सैनिकांवरच्या एका अभ्यासात मिळतो. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत सुमारे पाचशे सैनिकांना युद्धकैदी होण्याच्या सरावात बारा तास कोंडून ठेवले. मग एकाने त्यांची धाकदपटशाची, अंगाला हात लावून उलटतपासणी घेतली, तर दुसऱ्याने शांतपणे. प्रत्येक तपासणी अर्ध्या तासाहून अधिक, समोरासमोर झाली. दुसऱ्या दिवशी ओळखपरेड घेतली. शांतपणे बोलणाऱ्याला सुमारे ६२ टक्के सैनिकांनी बरोबर ओळखले, धाक दाखवणाऱ्याला अवघ्या ३० टक्क्यांनी! हे कसलेले सैनिक होते. मग रात्री घरात चोर शिरलेल्या म्हातारीची, किंवा अत्याचार झालेल्या मुलीची काय कथा? अशी मुलगी सांगताना क्रम चुकवते, मधलाच तुकडा विसरते, एखादा तपशील दुसऱ्या दिवशी सांगते. तेवढ्यावरून "बनाव दिसतो" म्हणणे हे अज्ञान आहे.

ठळक आठवण नेहमी अचूक असते, असेही नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' यान आकाशात फुटले. ती बातमी कुठे, कशी कळली, हे काही विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतले होते. अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या विद्यार्थ्यांचा एकही मुख्य तपशील जुळला नाही, आणि तरी अनेकांची स्वतःच्या चुकीच्या आठवणीवर ठाम श्रद्धा होती. छातीठोकपणे सांगणारा खरा आणि अडखळणारा खोटा, हा आपला ठोकताळा म्हणूनच टिकत नाही.

दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या ताणाचा प्रकार आणखी वेगळा. कर्ज, घरातले आजारपण, नोकरीची टांगती तलवार अशा काळात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. हिप्पोकॅम्पसवर त्याचा दाब राहतो आणि झोपही मोडते. मग रेशन कार्ड कुठे ठेवले ते आठवत नाही, परीक्षेत पाठ केलेले ओठावर येत नाही. हा बहुधा वेडेपणा नसतो, म्हातारपणही नसते. ताण हटला आणि झोप सुधारली की बऱ्याच जणांची स्मरणशक्तीही सुधारते.

जबाब घेताना

१९९७ साली ३१ ऑगस्टला पॅरिसमध्ये राजकुमारी डायनाचा मोटार अपघातात मृत्यू झाला. गाडीतला एकच माणूस वाचला, तो म्हणजे अंगरक्षक. त्याच्या डोक्याला व चेहऱ्याला जबर मार लागला होता. सारे जग त्याच्या तोंडाकडे पाहत होते, पण प्रत्यक्ष अपघात त्याला आठवत नव्हता. त्याच्याबद्दलही शंकाकुशंका घेतल्या गेल्याच. एवढ्या मोठ्या चौकशीत जे निघाले नाही, ते आपण ओसरीवर बसून, दरडावून काढू शकू काय?

दरडावण्यात आणखी एक धोका आहे. "लाल गाडी होती ना? आठव!" असे दहा वेळा विचारले, की रिकाम्या जागेत लाल गाडी येऊन बसते. रुग्ण खोटे बोलत नसतो. ऐकलेले आणि पाहिलेले यातला फरक त्याच्या मेंदूला कळेनासा होतो. मग खरा पुरावाही गढूळ होतो. म्हणून त्याला एकदाच, शांतपणे, त्याच्या शब्दांत सांगू द्यावे. "आठवत नाही" हे उत्तर तसेच लिहून घ्यावे. शुद्ध किती वेळ हरपली होती, रुग्ण तेच तेच विचारत होता का, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर नोंदवून घ्यावे. विमा आणि कोर्टकचेरीत या नोंदी उपयोगी पडतात. विस्मरणाचे सोंग करणारेही असतात, नाही असे नाही. पण त्याचा निर्णय रस्त्यावरच्या खुणा, गाडीची अवस्था आणि वैद्यकीय तपासणी यांवरून व्हावा. दारूने मात्र वेगळ्या वाटेने हेच होते. जास्त मद्य पोटात असेल तर मार न लागताही आठवण लिहिली जात नाही. म्हणून मद्य घेतले असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे विस्मरणाची चिंता नंतर, जिवाची आधी. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली असेल किंवा मारापूर्वीचे-नंतरचे आठवत नसेल, तर रुग्ण हसत-बोलत असला तरी डॉक्टरांना दाखवावे. काही वेळा कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त हळूहळू साठते. माणूस तासभर व्यवस्थित बोलतो आणि मग झोपाळतो. घरचे म्हणतात, "दमलाय, झोपू दे," आणि घात होतो. पुढील लक्षणे दिसली तर एक क्षणही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

१. गुंगी वाढत जाणे, हाक मारून न उठणे.
२. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी.
३. फिट येणे, बोबडी वळणे, एका बाजूच्या हातापायांतली शक्ती जाणे.
४. डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे.
५. नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे.
६. गोंधळ कमी होण्याऐवजी वाढणे.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. मान वाकडी-तिकडी न करता हलवावे. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत.

वृद्धांबाबत एक खास सूचना. न्हाणीघरात पाय घसरून पडलेले आजोबा त्या दिवशी ठणठणीत असतात. तीन-चार आठवड्यांनी विसरू लागतात, चालताना तोल जातो, दिवसा झोपतात. "वय झालं" म्हणून घर गप्प बसते. पण हे मेंदूवर हळूहळू साठलेले रक्त असू शकते, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. ते स्कॅनमध्ये दिसते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर अनेक आजोबा पूर्वीसारखे होतात. असा विसरभोळेपणा वयाच्या माथी मारू नये.

धोका टळल्यावर रुग्णाला एक-दोन दिवस विश्रांती आणि भरपूर झोप द्यावी. डॉक्टरांनी तपासून घरी सोडले असेल तर झोपू देण्यात भीती नाही, मात्र पहिल्या रात्री सोबत कोणीतरी असावे आणि सांगितल्याप्रमाणे अधूनमधून जागे करून पाहावे. नंतर हलकी कामे हळूहळू सुरू करावीत. दारू पूर्ण बंद. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडी चालवू नये. तो तेच तेच विचारत असेल तर तेवढ्याच शांतपणे उत्तर द्यावे. पाटीवर तारीख, जागेचे नाव, "अपघात झाला होता, आता सर्व ठीक आहे" असे लिहून खाटेसमोर ठेवले, तर रुग्ण आणि घरचे दोघांचाही त्रास वाचतो.

मनावरच्या धक्क्यानंतर महिना उलटूनही स्वप्ने, दचकणे, त्या रस्त्याने न जाणे, कशातच मन न लागणे चालू राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. त्यात कमीपणा काही नाही. २०२२ पासून चालू असलेल्या 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

आणि हेल्मेट! पोलिसांसाठी नव्हे, दिवाणजींसाठी घाला. मोडलेला हात प्लास्टरने जुळतो. पुसलेली पाच मिनिटे कोणत्याच दवाखान्यात मिळत नाहीत. ती गेली तर गेली, त्यावाचून संसार चालतो. पण ती का गेली, हे घरच्यांना ठाऊक असले, तर अपघातातून वाचलेल्या माणसाला स्वतःच्या घरात आरोपी होऊन बसावे लागणार नाही.